नाव, वडील आणि गाव : बेने इस्राएल नामपरंपरेची एक समीक्षा

प्रस्तावना

आगरदांडा, राजपुरी, मुरूड, रेवदंडा, अलिबाग या किनारपट्टीवर बेने इस्राएल हा मराठीभाषक ज्यू समाज अनेक शतके नांदला. तेलाचा घाणा चालवणारा आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी तो बंद ठेवणारा म्हणून 'शनिवार तेली' हे नाव त्याला मिळाले. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. मागे राहिली ती सिनेगॉग, दफनभूमी आणि नावे. वास्तूंचा अभ्यास थोडाफार झाला आहे; नावांकडे मात्र 'बायबलमधील नावांचे अपभ्रंश' एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. ही दृष्टी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अपभ्रंश की मराठी रूप?

हायम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला बेने इस्राएलांचा इतिहास हा या विषयाचा पायाभूत ग्रंथ होय. समाजात रूढ असलेल्या नावांची बायबलमधील नावांशी जोडी त्यांनी लावून दिली. सामाजी म्हणजे सॅम्युअल, हसाजी म्हणजे इझिकेल, अकूबजी म्हणजे जेकब, मुसाजी म्हणजे मोझेस, दाऊदजी म्हणजे डेव्हिड. ही नोंद मोलाची आहे. परंतु या मांडणीतून वाचकाच्या मनात नकळत एक निष्कर्ष रुजतो : उजवीकडचे नाव शुद्ध, डावीकडचे बिघडलेले.

हा निष्कर्ष ध्वनींच्या कसोटीवर टिकत नाही. हिब्रूतील मूळ नाव 'यहेझ्केल' असे आहे. ग्रीक व लॅटिन मार्गाने इंग्रजीत आलेल्या 'इझिकेल' मध्ये त्यातील हकार लोपला आहे. कोकणातल्या 'हसाजी' ने तो जपला आहे. तसेच 'याकोव्ह' या हिब्रू नावाला 'जेकब' पेक्षा 'अकूबजी' अधिक जवळचे वाटते. उलट 'मुसाजी' आणि 'दाऊदजी' यांची घडण हिब्रू 'मोशे' व 'दाविद' यांच्याऐवजी अरबी 'मूसा' व 'दाऊद' यांच्याशी जुळते. मुस्लिम शेजाराच्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दींच्या अमलाखालील या मुलुखात ते स्वाभाविकच होते. म्हणजे या नावांत एकाहून अधिक भाषांचे थर आहेत आणि त्या सर्वांवर 'जी' हा मराठी आदरार्थी प्रत्यय आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा, छापील बायबल आणि मुंबईतील नोकरी यांच्या प्रभावाने समाज ज्या 'मूळ' नावांकडे परतला, ती पुष्कळदा हिब्रू नसून इंग्रजी रूपे होती. शुद्धीकरण म्हणून ज्याचा गौरव होतो, ते वस्तुतः एका भाषांतराच्या जागी आलेले दुसरे भाषांतर होय.

वडिलांचे नाव आणि गावाचे नाव

मुलाचे नाव आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ठेवणे हा सर्व ज्यूंचा सामायिक धर्माचार आहे. नाव कोणाचे ठेवावे, याबाबत मात्र परंपरा भिन्न आहेत. पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यू हयात नातलगाचे नाव टाळून दिवंगताचे नाव ठेवतात; सेफार्दी परंपरेत हयात आजोबांचेही नाव ठेवले जाते. दोन्हीकडे स्मरणाचा भार पहिल्या नावावर असतो. मराठी त्रिपदी नावात हा भार विभागला जातो. वडील मधल्या नावात आपोआप येतात आणि पूर्वजांचे गाव आडनावात राहते. हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४–१९०५) यांच्या नावात स्वतः, पिता आणि गाव ही तिन्ही पदे स्पष्ट दिसतात.

हे तिसरे पद धर्म सांगत नाही. दांडेकर, दिवेकर ही आडनावे हिंदूंमध्येही आहेत. म्हणूनच जुन्या कागदपत्रांत 'सामाजी हसाजी दिवेकर' असे नाव आढळले, तर अनभिज्ञ वाचक तो ज्यू असल्याचे ओळखणार नाही. प्रत्यक्षात मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर ते हेच. त्यांचे सिनेगॉग आज ज्या रस्त्यावर आहे, तो सॅम्युअल स्ट्रीट. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले एलिजा मोझेस राजपुरकर डॉ. ई. मोझेस मार्गाच्या रूपाने शहरात उरले. दोन्ही पाट्यांवर बायबलमधील नाव शिल्लक राहिले. गाव गळून पडले.

कादंबरीतील साक्ष

एस्थर डेव्हिड यांची 'द बुक ऑफ रेचल' (२००६) ही साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त इंग्रजी कादंबरी या संदर्भात वाचण्याजोगी आहे. मुले इस्राएलला गेल्यानंतर दांडा गावी एकटी राहणारी रेचल दांडेकर सिनेगॉगची देखभाल करते आणि त्याची जमीन विकू पाहणाऱ्यांना विरोध करते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी पाककृती असल्यामुळे समीक्षकांचे लक्ष बहुधा खाद्यसंस्कृतीकडे वळते. वास्तविक कादंबरीचा संघर्ष नायिकेच्या नावातच साठवलेला आहे. 'रेचल' हे नाव ती कोठेही नेऊ शकते. 'दांडेकर' या पदाला मात्र दांड्याची जमीन लागते. सिनेगॉगची जागा गेली, तर आडनाव उरेल, पण त्याचा अर्थ उरणार नाही. लेखिका हे विधानरूपाने सांगत नाही, कथानकातून घडवते. हे या कृतीचे बलस्थान होय.

निष्कर्ष

बेने इस्राएलांच्या ज्यूपणाविषयी इस्राएलमध्ये १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात शंका घेतली गेली. विवाहासाठी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश निघाले. १९६४ मध्ये समाजाच्या आंदोलनानंतर हा वाद निवळला. अशा वातावरणात सामाजी-हसाजी ही नावे उणिवेसारखी वाटणे समजण्यासारखे आहे. समीक्षकाने मात्र त्याच नजरेने पाहण्याचे कारण नाही. ती नावे विस्मरणाची खूण नसून, धर्म न सोडता भाषा आपलीशी केल्याचा पुरावा आहेत. 'जी' हा प्रत्यय पुरुषनामांचा असल्याने प्रस्तुत विवेचन त्यांच्यापुरते मर्यादित आहे. स्त्रीनामांचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. रायगड जिल्ह्यातील दफनभूमींवरील शिलालेख, शाळांचे दाखले व जमिनीचे जुने दस्तऐवज वाचताना स्थानिक अभ्यासकांनी नावाची तिन्ही पदे एकत्र वाचावीत. अन्यथा या किनाऱ्यावरील एक समाज त्याच्या स्वतःच्याच मराठी नावांमागे अदृश्य होईल.