मीटर मोजले, निरोप कोण मोजणार?

स्मार्ट मीटरवरची भांडणं आपण गेली काही वर्षं ऐकतो आहोत. बिल वाढतं का, पैसे आधी का भरायचे, चांगला चालणारा मीटर काढायचा कशाला? जून 2024 मध्ये राज्य सरकारने सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. पुढे टीओडी मीटर या नावाने पोस्टपेड मीटर बसू लागले आणि वाद तिथेच फिरत राहिला. आमची तक्रार दोन्ही बाजूंबद्दल आहे. सगळं भांडण भिंतीवरच्या त्या डबीवर चाललंय. डबीतून निघालेला निरोप कुठल्या वाटेने जातो आणि वाटेत अडला तर काय, हे फारसं कुणी विचारत नाही.

केंद्राची आरडीएसएस योजना घ्या. 2021 सालची, तीन लाख कोटींहून अधिक रकमेची, 25 कोटी मीटरचं लक्ष्य असलेली. चर्चा होते ती किती मीटर बसले याची. आता अर्ध्या तासाला एक नोंद धरली तर एका मीटरच्या दिवसाला 48 नोंदी होतात, आणि 25 कोटी मीटरच्या 1,200 कोटी. नोंदी लहान असतात, तेव्हा या आकड्याने दचकायचं कारण नाही. अडचण अशी की ग्रिडला लागणारे निरोप एका जातीचे नसतात.

बिलाची नोंद सकाळी आली काय नि संध्याकाळी आली काय, फारसं बिघडत नाही. छतांवरच्या सोलरमुळे दुपारी फीडरवर व्होल्टेज चढलं, तर ते लगेच कळायला हवं. आणि उपकेंद्रात बिघाड झाला, तर एका रिलेने दुसऱ्याला सांगायचं ते तीन-चार मिलिसेकंदांत. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं असतं, त्यावरून घाईचा अंदाज घ्या. म्हणून उच्चदाब मनोऱ्यांच्या अगदी वरच्या तारेच्या पोटात ऑप्टिकल फायबर घालतात. ही पारेषणाची बाजू आपल्याकडे भक्कम आहे, हे मान्य करायला हवं.

ती श्रीमंती खाली डीपीपर्यंत मात्र उतरत नाही. मीटरची भिस्त मुख्यतः दोन गोष्टींवर. एक, मीटरमधलं मोबाइल सिम. दुसरी, 865 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या विनापरवाना पट्ट्यातला रेडिओ, ज्यात एक मीटर शेजारच्या मीटरला निरोप देतो आणि तो पुढच्याला. दाट वस्तीत ही साखळी छान चालते. कोकणातल्या वाडीत, जिथे दोन घरांच्या मध्ये आमराई आणि चढण, तिथे साखळीला पुढची कडीच सापडत नाही. सिम घाला म्हणाल, तर रेंजसाठी माणसांनाच टेकडीवर जावं लागतं!

कंत्राटात सेवेच्या अटी असतात, नाही असं नाही. पण त्या टक्केवारीत असतात: इतके टक्के मीटर इतक्या तासांत वाचले गेले पाहिजेत. राहिलेले मीटर रोज वेगळे असतील तर एकवेळ चालेल. आम्हाला भीती ही, की ते रोज तेच असतील, त्याच वाड्या, तेच पाडे. सरासरी ते दाखवत नाही.

शिवाय निरोप उलट दिशेनेही जातो. 12 ऑगस्ट 2020, जन्माष्टमीचा दिवस. उत्तर प्रदेशात एक चुकीची आज्ञा गेली आणि दीड लाखाहून अधिक स्मार्ट मीटरवाल्या घरांची वीज तुटली. बिल भरलेल्यांचीही. राज्याला नवे मीटर बसवणं थांबवून चौकशी लावावी लागली. हा हल्ला नव्हता, ही चूक होती. हल्ला कसा असतो ते युक्रेनने डिसेंबर 2015 मध्ये पाहिलं: सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात, आणि तक्रार केंद्राचे फोन खोट्या कॉल्सनी तुंबवलेले. काही तासांत वीज आली ती कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर लावले म्हणून. आपल्याकडे मीटरबरोबर वायरमनच्या जागा कमी करण्याचा हिशोब कुणी मांडत असेल, तर त्याने हे आधी वाचावं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट मात्र याहून साधी आहे. संदेशाचं जाळं विजेवरच चालतं. लाइट गेली की मीटर आपल्यातल्या साठवलेल्या थोड्याशा विजेवर शेवटचा एक निरोप पाठवतो. तो घ्यायला टॉवर जागा हवा. टॉवरची बॅटरी काही तासांची, नंतर डिझेल, आणि डिझेल पोचवायला रस्ता हवा. जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात वीज, मोबाइल आणि रस्ते एकदमच गेले. 28 एप्रिल 2025 ला स्पेन-पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हाही बॅटऱ्या संपत गेल्या तसे फोन मुके झाले. म्हणजे ग्रिडला निरोपाची गरज सर्वांत जास्त असते, नेमकं तेव्हाच जाळं आडवं पडतं. ही गोष्ट निविदा काढताना ठाऊक नसते असं थोडंच आहे?

तेव्हा नियामक आयोगाच्या पुढच्या जनसुनावणीला जाल, तर बिलाबरोबर एवढं विचारा. आमच्या फीडरवरचे कुठले मीटर महिनाभर गप्प आहेत, त्यांची गावनिहाय यादी द्या. एकाच वेळी किती मीटर तोडण्याची आज्ञा देता येते, आणि तिला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते का? आणि वीज गेल्यावर आमच्या उपकेंद्राचा संपर्क किती तास टिकतो, ते शेवटचं कधी तपासलं होतं?