सक्ती, संमति आणि मराठी लेखणी

युद्धकाळांतील सक्तीची लष्करभरती आणि तिला होणारा लोकांचा विरोध हा विषय निघाला, कीं आमच्या सुशिक्षित वाचकांचें लक्ष प्रथम विलायतेकडे जातें. १९१६ च्या जानेवारींत ब्रिटिश पार्लमेंटनें १८ ते ४१ वर्षांच्या अविवाहित पुरुषांवर लष्करी चाकरीची सक्ती केली, आणि मे महिन्यांत ती विवाहितांनाही लागू झाली. सुमारें १६ हजार लोकांनीं सदसद्विवेकबुद्धीची साक्ष काढून शस्त्र धरण्याचें नाकारलें. अशा एका माणसाची बाजू मांडणाऱ्या पत्रकापायीं बर्ट्रंड रसेलला १०० पौंड दंड झाला व केंब्रिजची अध्यापकी गमवावी लागली. त्याच साली आमच्या पुण्यांत न्यू पूना कॉलेज निघालें. सदाशिव पेठेंतील आजचें सर परशुरामभाऊ महाविद्यालय तें हेंच. ससून आणि ओवेन यांच्या युद्धकविता या शहरांतील अध्यापक पिढ्यान् पिढ्या शिकवीत आले. आम्हीही शिकविल्या.

कांहीं दिवसांपूर्वीं अशाच एका तासाला सातारा जिल्ह्यांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, आमच्या पणजोबांचे भाऊ बसऱ्याकडे गेले ते परत आले नाहींत. त्यांच्यावर कुणी लिहिलें आहे का?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. हा लेख त्या निरुत्तरतेंतून निघाला आहे.

कोणी म्हणेल कीं हिंदुस्थानांत सक्तीचा कायदाच नव्हता, मग विरोधाचें वाङ्मय कोठून येणार? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. १९१७ च्या संरक्षण-दलाच्या कायद्यानें सक्ती केली ती येथील युरोपियनांवर. हिंदी लोकांस स्वेच्छेनें नांव नोंदविण्याची मोकळीक होती. तरीही दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें त्या युद्धासाठीं समुद्रापार गेलीं. पंजाबांत कायद्यावांचून जबरदस्ती कशी झाली, याच्या साक्षी काँग्रेसच्या चौकशी समितीनें १९२० सालीं नोंदविल्या; त्या समितींत गांधींबरोबर मुंबईचे बॅ. जयकरही होते. कायदा नसला म्हणजे सक्ती नसते, असें मानणें हा वकिली युक्तिवाद झाला. वाङ्मयाला तो पुरत नाहीं.

आमच्याकडे या प्रश्नाचा खरा खल झाला तो १९१८ सालीं. एप्रिलच्या २३ तारखेस सक्तीच्या भरतीविरुद्ध आयर्लंडांत सार्वत्रिक संप झाला, आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस दिल्लींत व्हाइसरॉयची युद्धपरिषद भरली. पुढें १० जूनला मुंबईच्या टाउन हॉलांत प्रांतिक परिषद झाली. तेथें स्वराज्याचा विषय काढतांच लॉर्ड विलिंग्डन यांनीं टिळकांस अडविलें. टिळक व केळकर सभेंतून निघून गेले. टिळकांची भूमिका युद्धविरोधी नव्हती. संरक्षण-दलांत शिरा असें त्यांनींच १९१७ सालीं पुण्याच्या तरुणांस सांगितलें होतें. त्यांचें म्हणणें एवढेंच, कीं जबाबदारी मागावयाची तर अधिकार आधीं द्या. हिंदी माणसास अधिकाऱ्याचा हुद्दा मिळवून द्या, मी ५,००० माणसें देतों, असें सांगून हमीदाखल ५०,००० रुपयांचा धनादेश त्यांनीं गांधींकडे पाठविला. सरकारशीं सौदा करणें पसंत नसल्यामुळें गांधींनीं तो परत केला, आणि बिनशर्त भरतीसाठीं स्वतः खेडा जिल्ह्यांत पायपीट केली. सत्याग्रहाच्या वेळीं ज्यांनीं गाड्या फुकट दिल्या होत्या, त्यांच्याकडून आतां भाड्यानेंही गाडी मिळेना, हें त्यांनीं आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितलें आहे.

वाद म्हणून हा प्रसंग थोर आहे. दोन्ही पक्षांचा युक्तिवाद आम्ही अनेकदां वाचला. टिळकांचा तर्क आम्हांस अधिक पटतो, हेंही सांगून टाकतों. पण वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहतां एक उणीव खुपते. ५,००० माणसें देणारा तेथें आहे, घेणारा आहे, नाकारणाराही आहे. त्या ५,००० मधला एकही माणूस मात्र तेथें बोलत नाहीं. तो आंकडा आहे. खेड्याच्या शेतकऱ्यानें निदान गाडी नाकारून उत्तर दिलें. मराठी निबंधांत एवढेंही उत्तर आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांतही चित्र फारसें पालटलें नाहीं. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं विनोबांनीं पवनार येथें युद्धाला माणूस वा पैसा देऊं नये असें जाहीरपणें सांगून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. सावरकर याच काळांत हिंदु तरुणांनीं सैन्यांत शिरावें असा उपदेश करीत होते. सैन्य मात्र विनासक्ती सुमारें २५ लाखांवर गेलें. ललित वाङ्मयांत त्या सुमाराचें मोठें नांव म्हणजे विश्राम बेडेकरांचें ‘रणांगण’ (१९३९). युद्धाच्या सावलींतील मनाचें इतकें निष्ठुर चित्र मराठींत दुर्मिळ आहे. पण त्याचा नायक बोटीवरचा प्रवासी आहे. बोटीच्या तळाशीं कोंबलेला शिपाई त्याच्या वाटेंत येत नाहीं.

असें कां व्हावें? आमचें उत्तर साधें आहे, आणि तें आमच्याच पेठेला लागतें. इंग्लंडांत कवि आणि शिपाई एकाच खंदकांत सांपडले. आमच्याकडे लेखणी सदाशिव-नारायण पेठांत राहिली आणि बंदूक सातारा-रत्नागिरीच्या घरांत गेली. कूत-अल्-अमारा येथें २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलेल्या फौजेंत मराठा पलटणी होत्या. एकट्या अपशिंगे गांवचे ४६ जवान त्या महायुद्धांत पडले. भरती व्हावी कीं न होऊं द्यावी याचा निर्णय लिहिणाऱ्यांनीं आपापल्या ओट्यावर बसून दिला.

मात्र येथें एक इशारा आम्हीच आम्हांस दिला पाहिजे. शिपाई म्हणजे केवळ गरिबीनें ढकललेला बळी, असें समजून आतां कोणी करुण कथा लिहूं लागेल तर तीही अर्धीच ठरेल. महारांची भरती सरकारनें बंद केली तेव्हां ती पुन्हां सुरू व्हावी म्हणून याच पुण्यांतून शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं अर्ज केला. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ सालीं मोडली. पुढें १९४१ सालीं महार रेजिमेंट निघाली. त्या लोकांच्या दृष्टीनें पलटणीचें दार बंद होणें हाच अन्याय होता. एका घरीं भरती ही सक्ती, दुसऱ्या घरीं भाकरी, तिसऱ्या घरीं माणूसपणाचा दाखला. हे तिन्ही आवाज ज्या कादंबरींत एकत्र ऐकूं येतील तीच या विषयाची खरी मराठी कादंबरी.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ब्रिटिशांचीं नांवें कोरलीं गेलीं, हिंदी अधिकाऱ्यांचींही कोरलीं गेलीं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी दिली गेली. स्मारकें राखणाऱ्या संस्थेनें २०२१ सालच्या अहवालांत या वागणुकीबद्दल क्षमा मागितली. साम्राज्यानें माणसाचा आंकडा केला याचा आम्हांस संताप येतो, आणि तो यावाच. पण आमच्या निबंधांनीं तरी दुसरें काय केलें? त्या विद्यार्थ्याला आम्हीं पुढच्या तासाला एवढेंच सांगितलें, कीं घरांत एखादें जुनें पत्र, बिल्ला, आजीच्या तोंडची ओवी असेल तर ती लिहून आण. नांवासकट लिहून आण. त्यानें अजून आणलेली नाहीं. आम्ही वाट पाहत आहों.