शब्दकोड्यातली मिरासदारी

शब्दकोडे हा काही समीक्षेचा विषय नव्हे, असे आपल्यातलेच काही मित्र म्हणतील. कविता, कादंबरी, आत्मकथन सोडून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर शाई कशाला खर्चायची? माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या मजकुरापुढे माणूस रोज पेन्सिल घेऊन बसतो आणि आपल्याला आपली भाषा येते की नाही याचा निकाल स्वतःच स्वतःवर लावून घेतो, तो मजकूर वाङ्मयीन नसेल, पण सांस्कृतिक आहेच. कवितासंग्रह वाचणारे थोडे. शब्दकोडे सोडवणारे गावोगाव आहेत, आणि त्यांना कोणी समीक्षक विचारीत नाही की बाबांनो, ही परीक्षा कोण घेतो आणि कशाची घेतो?

मी कामशेतचा. लोणावळ्याच्या लोकलने खडकीला कामावर जाण्यात नोकरीची सगळी वर्षे गेली. आमच्या डब्यात शब्दकोड्याचे एक मंडळच होते. मळवलीला चढणारे एक मास्तर, तळेगावचे एक बँकवाले, देहूरोडला डेपोसाठी उतरणारे दोघे आणि मी. पेपर एकाचा, पेन्सिल दुसऱ्याची. वडगाव येईतो आडवे शब्द, देहूरोड येईतो उभे. मंडळ मोठे प्रेमाचे होते, हे आधी सांगतो; कारण पुढे जे लिहितो आहे ते माणसांविषयी नाही, कोड्याविषयी आहे. पण शेवटचा शब्द नेहमी बँकवाल्यांचा असे. 'अहो, अर्क म्हणजे सूर्यच,' असे ते म्हणाले की अर्क लिहिला जाई. त्यांच्या घरी हे शब्द सकाळच्या स्तोत्रातून आपोआप कानी पडत. मला ते ग्रंथालयातून, कोश चाळून, एकेक गोळा करावे लागले.

आता मराठी दैनिकातले नेहमीचे कोडे घ्या. सूचक ओळ, जिला सगळे क्लूच म्हणतात, ती कशी असते? 'कमळ (३)'. पंकज, अंबुज, सरोज, नीरज, काय हवे ते भरा. 'सूर्य (२)'. रवि, भानु, अर्क, मित्र. 'नकुलाची आई (२)'. माद्री. या क्लूत खोट काही नाही. पण याला वाट नाही. उत्तर ठाऊक असेल तर ते येते. ठाऊक नसेल तर दिवसभर कपाळ बडवून येत नाही. इथे डोके निरुपयोगी, घर उपयोगी. ज्याच्या घरात पुराण आणि अमरकोश आहे त्याला कोडे सुटते, आणि मग तो त्याला बुद्धी म्हणतो. मिरासदारी म्हणतात ती हीच. वतनदाराला वतन मिळवावे लागत नाही, ते त्याच्याकडे असतेच.

याची किंमत कोण मोजतो ते सांगतो. माझी भाची वडगावला कॉलेजात होती. एकदा तिच्यापुढे मी कोडे ठेवले. निम्मी घरे रिकामी राहिली तेव्हा ती म्हणाली, 'मामा, माझं मराठी कच्चंच आहे.' ही पोरगी मावळातल्या भाताच्या खाचरात वाढलेली. दाढ भाजायची कधी, आवणाला गडी किती लागतात, इर्जिक कोणाच्या शेतावर पडली, इरलं कशानं विणतात, हे सगळे तिच्या जिभेवर. वाख भिजवून चऱ्हाट वळताना आजोबा कोणत्या टप्प्याला काय म्हणत तेही तिला पाठ. एवढी मराठी ज्या कोड्यात एका घरातही मावत नाही, त्या कोड्याने तिला सांगितले की तुझे मराठी कच्चे आहे. आणि तिने ते मानले! माझा राग त्या मानण्यावर आहे.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: आपलेही शब्द कोड्यात घाला. सूर्याच्या चार नावांबरोबर खाचर आणि चऱ्हाट येऊ द्या. येऊ द्यावेतच. पण एवढ्याने भागत नाही. 'दोरखंड (३): चऱ्हाट' असा क्लू केला की आता तळेगावच्या बँकवाल्यांची पाळी, त्यांना ते येणार नाही आणि आपण टाळी वाजवणार. यादी बदलली, पण परीक्षा तीच राहिली: तुझ्या घरात काय होते? आपल्या लोककलेनेही हे भोगले आहे. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात आपले शाहीर रात्ररात्र पुराणातले कूट घालीत आणि उकलीत. शक्ती मोठी की शिव मोठा यावर फड रंगे. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी केवळ कानाने केवढा मजकूर सांभाळला! ती बुद्धी अचाट होती, यात शंकाच नाही. पण ती ज्यावर घासली जात होती तो दगड दुसऱ्याच्या अंगणातला होता. म्हणून तर जलशांना, आधी सत्यशोधक आणि मग आंबेडकरी, सवाल-जवाबाचा घाट ठेवून सवालच बदलावे लागले.

घाटाचा प्रश्न आला म्हणून इंग्रजीतल्या क्रिप्टिक कोड्याकडे वळतो. शब्दकोडे मुळात अमेरिकेतले. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यू यॉर्क वर्ल्डमध्ये पहिले छापले. इंग्लंडमध्ये त्याला गूढ वळण लागले. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये पॉइस मॅथर्स हा कवी टॉर्केमाडा या नावाने कोडी घालू लागला. त्याच्यानंतर आला झिमेनेस, आणि १९७२ पासून अ‍ॅझेड, म्हणजे डेझा हे नाव उलटे वाचलेले. ही तिन्ही नावे स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या मुख्य छळकर्त्यांची आहेत. आपण वाचकाला छळतो, हे तिथले कोडेकार निदान पाटी लावून सांगतात. आपल्याकडे छळ चालतो तो ज्ञानदान म्हणून.

पण याच छळकर्त्यांनी स्वतःवर एक नियम घालून घेतला, आणि माझा सगळा लेख त्या नियमासाठी आहे. नियम असा: क्लूत दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, आणि उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांतून जुळवण्याची रीत. कोडेकाराने वाचकाला फसवावे, खुशाल फसवावे, पण लिहिलेल्या शब्दांतून उत्तर काटेकोरपणे निघालेच पाहिजे. म्हणजे उत्तराचा पुरावा क्लूच्या पोटातच असतो. अर्थ ठाऊक नसला तरी रीतीने उत्तर काढता येते, आणि काढल्यावर तेच बरोबर आहे हे कोणालाही न विचारता कळते.

मराठीत हे कसे होईल? 'उलटी वाहणारी नदी गरीब (२)'. नदी उलटी केली की दीन. हा बालवर्गातला झाला. 'प्रवेशद्वाराला हात देऊन दाराबाहेर राहणारा (४)'. वेस आणि कर, वेसकर. आमच्याकडे त्याला येसकर म्हणतात, आणि वेस ही येसच. तेव्हा बोलीतसुद्धा क्लू मोडत नाही, रीत तीच राहते. 'रुचीपुढे दरवाजा, महाडचे तळे (४)'. चव, दार. भाषाशास्त्राला विचाराल तर चवदारमधला दार हा फारसी प्रत्यय आहे, दरवाजाशी त्याचा संबंध नाही. कोड्याला ते मान्य नसते, कोडे शब्द हवा तिथे फोडते. २० मार्च १९२७ ला त्या तळ्यावर जे उघडले गेले ते पाहता कोड्याची फोडच मला जास्त पटते. आणि आपल्या वाङ्मयीन वादासाठी एक: 'ललितचे डोके काढून दगडाचे लावले, चिरडलेला दिसला (३)'. हा तुम्हीच सोडवा.

देवनागरीची अडचण आहे, ती लपवत नाही. इंग्रजीत एका घरात एक अक्षर, सुटे. आपल्याकडे घरात काना-मात्रेसकट, जोडाक्षरासकट सबंध अक्षर बसते. 'दी' आणि 'द' एकमेकांना छेदू शकत नाहीत. म्हणून अक्षरांची उलथापालथ इंग्रजीएवढी सैल होत नाही. मात्र शब्दाचे तुकडे करून दोन नवे शब्द काढणे, एका शब्दाचे दोन अर्थ खेळवणे, यात मराठी कोणाला हार जाणार नाही. 'अंगावर चढले तर दागिना, डोंगरात कोरले तर भिक्खूंचे घर (२)'. लेणे. मावळात राहणाऱ्याला हे सुचायला कार्ले, भाजे, बेडसे पुरेत. लोणावळा हे नावच लेण्यांच्या ओळीवरून आले असे सांगतात.

इंग्रजी क्रिप्टिकही काही निर्मळ नाही. त्यातही साहेबाच्या क्लबाची, क्रिकेटची, बायबलची भाषा भरलेली असते; खलाशी म्हटले की अमुक अक्षरे, शाळा म्हटली की तमुक. आमच्या डब्यात काही काळ एक तरुण इंजिनियर इंग्रजी दैनिकातले असे कोडे घेऊन बसे. त्याने मला ते संकेत सांगितले. महिनाभरात ते मला आले. संकेत शिकता येतात, कुळ शिकता येत नाही, हा फरक मला तेव्हा कळला. आणखी एक गोष्ट पाहिली. मराठी कोड्यावर आमच्यात चर्चा अशी होतच नसे. ठाऊक आहे किंवा नाही, उद्याच्या अंकात उत्तर येईल, संपले. क्रिप्टिकवर मात्र भांडण जुंपे. हा शब्द इथे कशाला? हे उलटे का वाचायचे? आणि मुख्य म्हणजे, 'कोडेकार चुकला' असे आम्ही म्हणू शकत असू, कारण पुरावा समोर होता. एकदा बँकवाल्यांच्या उत्तराला देहूरोडच्या डेपोतल्या पोराने बोट ठेवून हरकत घेतली, आणि ती बरोबर निघाली.

उत्तर वाद घालण्यापलीकडे गेले की काय होते, याचा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयातच लागलेला आहे. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बक्षिसी शब्दकोड्यांनी एके काळी मुंबई राज्यातले कितीतरी खिसे हलके केले. कूपन भरायचे, प्रवेश फी द्यायची, आणि चालकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी आपले जुळते का याची वाट पाहायची. ९ एप्रिल १९५७ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की हा जुगार आहे आणि जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे. १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांची बक्षिसे महिन्याला १००० रुपयांत बांधलेली होतीच. पैसे नसले तरी 'कमळ (३)' याच जातीचे आहे. पंकज की अंबुज, ते ठरवणाऱ्याच्या पाकिटात.

आपल्या परंपरेत या भेदाला जुने नाव आहे. दिङ्नागाने प्रमाणे दोनच मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. कोणीतरी थोराने सांगितले म्हणून खरे, या शब्दप्रमाणाला त्याने स्वतंत्र जागा दिली नाही. कार्ल्याच्या लेण्यांचेच पाहा. एका रात्रीत पांडवांनी हे केले, ही तिथली कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली गेली. तो झाला शब्द. खांबांवर अक्षरे कोरलेली होती, पण ती वाचणारा उरला नव्हता. १८३७ साली प्रिन्सेपने ब्राह्मी उकलली ती कशी? सांचीच्या कठड्यांवरच्या आखूड आखूड लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात हे त्याने पाहिले. प्रत्येक भागाच्या शेवटी एकच शब्द असेल तर तो दात्याचा असणार, 'दानं' असणार, हे त्याने ताडले; द आणि न हाती लागले, आणि त्यावरून पुढची अक्षरे सुटत गेली. आडव्यावरून उभा शब्द काढावा तसे. त्या उकलीने कार्ल्याचे खांब वाचले गेले, आणि तिथे पांडव निघाले नाहीत. निघाला धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार, निघाला गंधिक, निघाले यवन. हातांनी काम करणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे दगडावर होते, आणि त्याच्या खाली उभे राहून लोक दुसऱ्याच उत्तरावर विश्वास ठेवीत होते.

म्हणून मी क्रिप्टिक क्लू मराठीत करू लागलो, आणि डब्यात त्यावर भांडणे लावू लागलो. पण सगळ्यांत कडू भांडण डब्यात झाले नाही, आमच्याच वस्तीत झाले. क्लू होता: 'आणि शरीर दिले, की गावकीचा तुकडा पदरात (३)'. आणि म्हणजे व, शरीर म्हणजे तन, वतन. माझ्याहून वडील असलेले एक कार्यकर्ते चिडले. म्हणाले, 'बाबासाहेबांनी १९२८ ला कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं, ते वतन मोडायला पुढं कितीक वर्षं गेली, आन्‌ तू त्याचा लोकलमधला खेळ करतोस व्हय? आपल्या आज्याच्या पाठीवरचं ओझं हाय ते.' मी म्हणालो, 'दादा, पण शब्द फोडून बघा. व आणि तन. आजोबांनी काय दिलं ते त्या शब्दातच लिहिलेलं होतं, आपण वाचलं नव्हतं.' ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'वतनाचं ठीक हाय. पण मडक्याचा नको करू.'

मडक्याचा क्लू मी केलेला नाही. डेपोतला तो पोरगा म्हणतो, करायलाच हवा. आमचे अजून ठरलेले नाही.