सहा नावं आणि एक ‘माणूस’

आज एका प्रदर्शनाबद्दल बोलू. जुलै १९४९, मुंबई. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं पहिलं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला मुल्कराज आनंद होते. सूझा, रझा, हुसेन, आरा आणि गाडे हे पाच चित्रकार, बाकरे शिल्पकार.

या सहांचं आपसात काय जुळत होतं? सूझा गोव्यातल्या सालिगावचे, ख्रिस्ती, जे. जे. स्कूलमधून काढून टाकलेले. हुसेन पंढरपुरात जन्मले, सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी पोट भरलं. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर. आरा बोलारमहून लहानपणीच मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. नुकतीच फाळणी झाली होती. नाव ऐकून माणसाची बाजू ठरवण्याचे ते दिवस. अशा वेळी ही सहा नावं एका भिंतीखाली येणं, ही त्या प्रदर्शनाची पहिली कमाई.

पुस्तिकेत सूझांनी आशय आणि तंत्र यांचं पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केलं. गट काढताना धरलेला डावा आग्रह सोडल्याचंही सांगून टाकलं. कलावंत आणि लोक यांच्यातली दरी त्यांना बुजण्यासारखी वाटली नाही. आता प्रश्न असा, की लोक सोडून दिले तर चित्रात उरणारा ‘माणूस’ कोणता?

आमच्या वैशेषिक दर्शनाने ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ असे दोन वेगळे पदार्थ मानले. गाईगाईंत जे सारखं, ते सामान्य. प्रत्येक आत्म्याला दुसऱ्यापासून वेगळा ठेवतो, तो विशेष. दोन्ही खरे. एकाने दुसऱ्याला गिळायचं नाही. आमच्या मते समूहप्रदर्शन याच कसावर घासून बघावं.

आरांचं बघा. त्यांच्या आयुष्याची कथा कळली, की लोक त्यांच्या चित्रांत घरगडी शोधतात. आरांनी मात्र फुलदाण्या रंगवल्या, भरघोस, रसरशीत. आम्हाला वाटतं, ज्याने दुसऱ्याच्या घरातली फुलदाणी पुसली, तोच आता ती स्वतःच्या डोळ्यांनी, सवडीने बघतो आहे. जगाने दिलेली ओळख त्यांनी नाकारलीही नाही आणि मिरवलीही नाही. इथे विशेष शाबूत राहतो, आणि म्हणूनच ती फुलं तुमची-आमचीही होतात. पुस्तिकेतल्या घोषणेपेक्षा आरांचं काम आम्हाला मोठं वाटतं ते यासाठी.

पण हिशेब इथे संपत नाही. १९५३ साली या गटाबरोबर कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांचीही चित्रं लागली. पुढे त्या भानू अथैया झाल्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा सगळ्यांना माहीत झाल्या. चित्रकार भानू मात्र विसरल्या गेल्या. गटाची गोष्ट आजही बहुतेक ठिकाणी सहा पुरुषांवरच संपते. त्या पहिल्या प्रदर्शनात नव्हत्या हे खरं, पण गटाचा इतिहास काही एका जुलैचा नाही. ‘माणूस’ हा शब्द उच्चारायला सोपा असतो, मोजायला बसलं की खोट कळते.

हे माजलगावात वेगळं समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर इथून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा असेल तो ‘अर्धा कोयता’. दोन जीव, त्यांची ओळख म्हणून एक हत्यार. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर, मोळी डोक्यावर वाहणारीचं नाव वहीत नाहीच. ही वही आणि कलेच्या इतिहासाची यादी यांची तुलना कुणाला ओढूनताणून वाटेल. श्रमाची झळ दोन्हीकडे सारखी नाही, हे आम्हीही मानतो. मोजण्याची रीत मात्र तीच आहे. सामान्य शब्द पुढे करायचा, आणि त्याच्याआड एकीचा विशेष नाहीसा करायचा.

तेव्हा ‘मानवी ओळख’ असं नाव दिलेलं प्रदर्शन कुठे भरलं, तर जरूर जा. चित्रं बघाच, पण भिंतीवरची नावंही वाचा. कोण राहिलं, हे आयोजकांना विचारा. उत्तर मिळेलच असं नाही. तरी विचारा. आम्ही इथे थांबतो.