‘बदलणे’ या क्रियापदाचा अर्थ आणि लेखापरीक्षकाची अपात्रता

पद सोडलेल्या लेखापरीक्षकास अपात्र ठरविता येते काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कायदेपंडितांचा वाटतो. त्याचे मूळ मात्र एका क्रियापदात आहे. २०१८ साली आयएल अँड एफएस समूहाची कर्जफेड थकली, तेव्हा त्याच्या कर्जरोख्यांत अनेक भविष्यनिर्वाह व निवृत्तिवेतन निधींचा पैसा अडकला. समूहातील वित्तकंपनीच्या दोन लेखापरीक्षक संस्थांविरुद्ध केंद्र सरकारने २०१९ मध्ये कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १४०(५) खाली मुंबईच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. एका संस्थेची मुदत आधीच संपली होती. दुसरीने राजीनामा दिला.

लेखापरीक्षकाने कपटाने वर्तन केले आहे अशी खात्री पटल्यास न्यायाधिकरण कंपनीस लेखापरीक्षक ‘बदलण्याचा’ आदेश देऊ शकते, असे हे कलम सांगते. अंतिम आदेश झालेला लेखापरीक्षक पाच वर्षे कोणत्याही कंपनीत नेमणुकीस अपात्र ठरतो, ही तरतूद परंतुकात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये कलम वैध ठरविले. मात्र जो पदावर नाही त्यास बदलणार कसे, असा अर्थ लावून कार्यवाही रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२३ रोजी हा अर्थ अमान्य केला. राजीनाम्याने कार्यवाही संपत असेल तर कलमाचा हेतूच विफल होईल, असे त्या निकालाचे सूत्र आहे. आरोपांच्या खरेखोटेपणाचा निर्णय त्याने न्यायाधिकरणावरच सोपविला.

उच्च न्यायालयाचे वाचन हास्यास्पद नव्हे. ‘बदलणे’ या क्रियेत, जे बदलावयाचे ते विद्यमान आहे, हे गृहीत असतेच. परंतु ते वाचन एका शब्दापाशी थांबले. कपटाचे वर्तन कलमात पूर्ण काळात सांगितले आहे. म्हणजे दोष घडून गेलेला आहे. शिवाय मुख्य वाक्यात कंपनीचा विशिष्ट लेखापरीक्षक अभिप्रेत आहे, तर परंतुकात ‘एखादा’ लेखापरीक्षक. मूळ इंग्रजीतील उपपदांचा हा भेद मराठी अनुवादात सहज लोपतो. शिक्षा पदाला नव्हे, व्यक्तीला वा संस्थेला जडते, हे त्यावरून दिसते.

सर्वोच्च न्यायालयाचा निष्कर्ष म्हणूनच योग्य होय. पण तो मुख्यतः हेतूच्या आधारे काढला गेला. शब्दांचाच पुरावा हाताशी असता त्यावर अधिक भर द्यावयास हवा होता. हेतूवर उभा राहिलेला अर्थ उद्या दुसऱ्या हेतूने ढळू शकतो; शब्दांवर उभा राहिलेला सहसा ढळत नाही. खरा दोष मसुद्याचा आहे. ज्या तरतुदीने एखाद्याचा व्यवसाय पाच वर्षे बंद पडतो, ती परंतुकात दडविणे अनुचित होय. तिला स्वतंत्र पोटकलम व स्वतंत्र क्रियापद हवे. निवृत्तांची पुंजी आणि लेखापरीक्षकाची उपजीविका, दोन्ही अशा एका शब्दावर टांगलेल्या राहू नयेत.