भविष्यकाळाचे गीत आणि भूतकाळाचा शोध

रहस्यकथेचे व्याकरण मुख्यतः भूतकाळाचे असते. कथेच्या आरंभीच खून होऊन गेलेला असतो, आणि पुढील सर्व संभाषण 'काय झाले' या एका प्रश्नाभोवती फिरते. ऑपेरातील नायिकेच्या एकल गीताला असे बंधन नसते. जे व्हावे असे तिला वाटते ते ती घडत असल्याप्रमाणे गाऊ शकते. ही दोन व्याकरणे एकाच कथेत एकत्र आली असता काय होते, याचा विचार करण्यास 'एंडेव्हर' या ब्रिटिश दूरचित्रमालिकेचा प्रारंभीचा चित्रपट चांगले साधन पुरवितो. रसेल लुइस यांनी लिहिलेला व कॉलम मॅकार्थी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २ जानेवारी २०१२ रोजी आयटीव्ही वाहिनीवरून दाखविण्यात आला. कॉलिन डेक्स्टर यांच्या कादंबऱ्यांतील इन्स्पेक्टर मॉर्स १९८७ पासून दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांच्या परिचयाचा होता. येथे १९६५ सालच्या ऑक्सफर्डमधील त्याचे तारुण्य चित्रित केले आहे. शेवट उघड केल्यावाचून या चित्रपटाची चिकित्सा करता येत नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे.

मेरी ट्रेमलेट ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी नाहीशी होते व पुढे मृतावस्थेत सापडते. तिच्या खोलीत सोडविलेली शब्दकोडी मिळतात. त्या कोड्यांच्या द्वारे स्ट्रॉमिंग नावाचा विद्यापीठातील एक अध्यापक तिला भेटीचे संकेत देत असे, हे तरुण मॉर्स ओळखतो. या अध्यापकाची पत्नी रोझलिंड कॅलोवे ही एके काळची विख्यात ऑपेरा-गायिका. तिच्या ध्वनिमुद्रिका ऐकतच मॉर्सची अभिरुची घडलेली आहे. खून तिनेच केलेला असतो.

रोझलिंडच्या गायनाची खूण म्हणून चित्रपटाने पुच्चीनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या १९०४ मधील ऑपेराच्या दुसऱ्या अंकातील सुप्रसिद्ध गीत योजिले आहे. त्या गीतातील क्रियापदांकडे लक्ष द्यावयास हवे. नागासाकी येथे तीन वर्षे पतीची वाट पाहणारी नायिका त्याच्या परतण्याचे वर्णन करते. आरंभ भविष्यकाळाने होतो: क्षितिजावर धूर दिसेल. परंतु लगेच जहाज 'दिसते', बंदरात 'शिरते', आणि थोड्याच वेळात तो 'आला' असे ती म्हणते. पुढे तो कोण असेल, काय म्हणेल, अशा प्रश्नांबरोबर भविष्यकाळ परत येतो. अखेरचे क्रियापद मात्र पुन्हा वर्तमानकाळी आहे, आणि ते वाट पाहण्याचे आहे. सबंध गीतात खरोखर घडत असलेली क्रिया काय ती तेवढीच. मराठी भाषकास या योजनेचे आश्चर्य वाटू नये. घरातून न निघालेला माणूसही 'हा आलोच' असे म्हणतो, आणि ऐकणारा त्या भूतकाळी रूपाचा अर्थ बिनचूक भविष्यकाळी लावतो. फरक इतकाच की, आपल्या बोलण्यात वक्ता व श्रोता दोघांनाही हा संकेत ठाऊक असतो. बटरफ्लाय मात्र स्वतःच्याच क्रियापदांनी फसते. ती खोटे बोलत नाही, ती चुकते. स्वराची उत्कटता आणि विधानाची सत्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या गीताइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसत असेल.

मॉर्सची चूक याच जातीची आहे. शब्दकोड्यात शब्दाच्या वरकरणी अर्थावर विश्वास ठेवावयाचा नसतो, हे तो उत्तम जाणतो; परंतु स्वराच्या बाबतीत ही सावधगिरी त्याला सुचत नाही. जिचा आवाज इतका निर्मळ तिचे अंतःकरणही तसेच असणार, असे तो न बोलता गृहीत धरतो. शोध पूर्ण होतो तेव्हा त्याला गुन्हेगार सापडतो आणि आयुष्यभराचा एक आधार गमवावा लागतो. येथपर्यंत चित्रपटाची रचना चोख आहे.

याहूनही मोलाची गोष्ट शब्दकोड्यांच्या योजनेत दडलेली आहे. तेच चिन्ह मेरीच्या दृष्टीने भविष्यकाळाचे आहे: तो भेटेल. मॉर्सच्या दृष्टीने ते भूतकाळाचे आहे: ती भेटत असे. चिन्ह एक, वाचक दोन, काळ दोन. पहिल्या वाचकाचा भविष्यकाळ नष्ट झाला म्हणूनच दुसऱ्याचे वाचन सुरू होते.

आता प्रश्न असा की, या कथेतील बटरफ्लाय कोण? चित्रपटाचे उत्तर उघड आहे: गीत रोझलिंडचे, वंचना रोझलिंडची, तेव्हा बटरफ्लायही तीच. परंतु मूळ ऑपेराशी हे जुळत नाही. पहिल्या अंकात बटरफ्लायचे वय पंधरा वर्षे आहे. वयाने व प्रतिष्ठेने मोठ्या असलेल्या पुरुषाच्या शब्दावर ती विसंबते, आणि शेवटी शस्त्र धरते ते स्वतःवर. वय, विश्वास आणि प्रतीक्षा या तिन्ही दृष्टींनी तिची जागा मेरीची आहे. मेरीला मात्र गीत नाही. तिच्या वाट्याला चौकटीतील अक्षरे आली, आणि तीही दुसऱ्याने रचलेली.

रहस्यकथेत मृत व्यक्ती मुकीच असावयाची, असा आक्षेप यावर घेता येईल. तो सामान्यतः मान्य करता येतो. परंतु प्रस्तुत चित्रपटाने ऑपेरांच्या विस्तृत भांडारातून नेमका हाच ऑपेरा निवडला, आणि त्यातील प्रतीक्षेचा स्वर मारणाऱ्या स्त्रीच्या मुखी घातला. परिणामी प्रेक्षकाची करुणा जिला कंठ आहे तिच्याकडे वळते. मेरी केवळ पुरावा म्हणून उरते. मॉर्सला ज्या मोहापासून चित्रपट सोडवितो, त्याच मोहात तो आपल्याला ठेवून जातो. ही त्याची उणीव किरकोळ नव्हे, कारण ती त्याच्या मुख्य सिद्धांतालाच बाधक आहे.

असे असूनही हा चित्रपट अभ्यासनीय आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. उत्कट बोलणाऱ्यावर आपण अधिक विश्वास ठेवतो, आणि जो बोलू शकत नाही त्याचे म्हणणे नोंदवावयास विसरतो. साहित्य वाचताना, बोलीभाषकांच्या मुलाखती घेताना, किंबहुना वर्गात विद्यार्थ्यांचे ऐकतानाही ही चूक आपल्या हातून होते. चित्रपट पुन्हा पाहताना गीत सुरू झाले असता मेरीने सोडविलेली ती कोडी डोळ्यांसमोर ठेवावीत. वाट पाहण्याचे क्रियापद त्या कागदावरही आहे; ते मोठ्याने कोणी उच्चारलेले नाही, इतकेच.