हाताला कळलेली गोष्ट

टेट्रिसमध्ये कुणी जिंकत नाही. वरून ठोकळे पडत राहतात, आपण ते वळवून, सरकवून ओळी भरतो, भरलेली ओळ नाहीशी होते, वेग वाढतो आणि कधी ना कधी ढीग माथ्याला टेकतो. चांगलं खेळणाऱ्याला बक्षीस काय, तर आणखी अवघड काम. २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावरचा टेट्रिस १५७व्या लेव्हलपर्यंत नेला आणि ठोकळे थांबले. पण ते थांबले प्रोग्रॅमच कोलमडला म्हणून. १९८४ मध्ये मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव्हने हा खेळ लिहिला, तेव्हा त्याच्या इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकाला धड चित्रं काढता येत नव्हती. ठोकळे कंसांच्या चिन्हांचे केलेले होते. ना गोष्ट, ना पात्रं, ना रंग. तरीही चाळीस वर्षांत त्यातलं काही शिळं झालेलं नाही, आणि गेल्या पाच वर्षांतले कितीतरी देखणे गेम आजच जुनाट वाटतात.

व्हिडिओ गेम ही कला आहे का, या वादात मला फारसा रस नाही. सिनेसमीक्षक रॉजर इबर्टने २०१० मध्ये ठाम ‘नाही’ म्हटलं. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने टेट्रिस आणि पॅक-मॅनसह चौदा गेम संग्रहात घेतले. प्रमाणपत्र मिळालं, वाद संपला. उरतो तो खरा प्रश्न: कोणते गेम चांगले, आणि ते कशावरून ठरवायचं? माझी कसोटी साधी आहे. गेम माझ्या हातांना काय करायला लावतो आणि ते करता करता माझं काय होतं, एवढंच मी बघतो. गोष्ट, संगीत, चित्रं हे सगळं त्या करण्याला धरून असेल तर त्याचं मोल. नाहीतर ती सजावट.

ज्यांनी नव्वदच्या दशकात कॅसेटला फुंकर मारून टीव्हीला जोडलेल्या डब्यात घातली, त्यांना या कसोटीचा पहिला धडा नकळत मिळालेला आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची (१९८५) पहिली लेव्हल आठवा. उजवीकडे मोकळी जागा, म्हणून आपण उजवीकडे जातो. समोरून एक चिडका प्राणी येतो. धडकलो तर मरतो, म्हणून पुढच्या वेळी उडी मारतो. वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा असतो, त्याला डोकं लागतं, मशरूम बाहेर येतं, पुढे जाऊन पाइपला आपटतं आणि उलटं आपल्याकडेच येतं. घाबरून पळणाऱ्यालाही ते बहुतेक वेळा लागतंच, आणि मारिओ मोठा होतो. सूचनेचं एक अक्षर पडद्यावर न येता अर्ध्या मिनिटात पूर्ण व्याकरण शिकवून झालेलं असतं. इंग्रजीचा गंध नसलेली मुलं गल्लीगल्लीत मारिओ खेळायला शिकली ती यामुळे. आजच्या गेममध्ये पहिला तासभर चौकटी उघडतात: हे बटण दाबा, ते बटण दाबा, शाब्बास.

मारिओ आनंद शिकवतो. पण हातांना अपराधही करायला लावता येतो, हे फुमितो उएदाने ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’मध्ये (२००५) दाखवलं. एक तरुण मेलेल्या मुलीला घोड्यावर घालून एका निषिद्ध प्रदेशात येतो. तिला परत आणायचं तर सोळा महाकाय जीवांना मारायला हवं, असं त्याला सांगितलं जातं. त्या अफाट प्रदेशात गाव नाही, दुसरे शत्रू नाहीत. लांबच लांब घोडदौड आणि शेवटी एक प्रचंड प्राणी, जो बऱ्याचदा आपल्या वाटेला गेलेलाही नसतो. त्याच्या अंगावरच्या केसांना धरून वर चढायचं. धरून राहायला एक बटण दाबून ठेवावं लागतं. प्राणी अंग झाडतो, पकडीची ताकद संपत जाते, आणि खरोखर आपलंच बोट दुखायला लागतं. नायकाचा हट्ट वर्णनातून कळत नाही, तो आपल्या तर्जनीत उतरतो. प्राणी कोसळला की विजयाची तुतारी वाजत नाही. को ओतानीचं संगीत शोकाकडे वळतं आणि मेलेल्या जीवातून काळे धागे निघून नायकाच्या अंगात शिरतात. वधागणिक त्याचा चेहरा निस्तेज होत जातो. शेवट सांगून टाकतो, वीस वर्षं झाली आता: अखेरीला एक वारा नायकाला खेचून नेतो आणि तेव्हाही ते पकडीचं बटण चालू असतं. पायरीला धरून राहता येतं. उपयोग नसतो, पण मी धरून राहिलो, आणि ज्यांच्याशी या गेमबद्दल बोललो ते जवळजवळ सगळे धरून राहिले होते. सिनेमात हा प्रसंग सुंदर दिसला असता. पण सोडायचं कधी, हे सिनेमा मला विचारू शकला नसता.

लुकास पोपचं काम याहून शुष्क आहे आणि माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतलं सर्वात मोलाचं. ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) त्याने जवळजवळ एकट्याने केला. साल १९८२, अर्स्टोत्स्का नावाचा काल्पनिक कम्युनिस्ट देश, सीमेवरची खिडकी, आणि खिडकीमागे आपण. येणाऱ्याचा पासपोर्ट, परवाना, फोटो, वजन, तारीख ताडून बघायची आणि शिक्का मारायचा. पगार माणशी मिळतो. त्यातून घरभाडं, जेवण, शेकोटी आणि मुलाचं औषध भागवायचं. तहसील कचेरीच्या खिडकीपुढे ताटकळलेल्या आपल्या वाचकाला हा गेम पलीकडच्या खुर्चीत बसवतो, आणि तिथून रांग किती वेगळी दिसते! सुरुवातीच्या दिवसांतच एक नवरा येतो, कागद ठीक. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे. बायकोकडे परवाना नसतो. सोडलं तर ठपका येतो. पण दिवसाच्या पहिल्या दोन ठपक्यांना दंड नसतो, पैसे कापले जातात ते तिसऱ्यापासून. म्हणजे दयेचा रोजचा कोटा दोन. आठवडाभरात मी तो कोटा हिशेबाने वापरू लागलो: या म्हातारीला सोडलं तर संध्याकाळी कुणी अधिक गरजू आला तर? आणि त्याहून लाजिरवाणं म्हणजे, कुणाच्या पासपोर्टवरच्या शहराच्या नावातली चूक सापडली की आनंद होत होता. हुकूमशाहीवरचा एकही लेख मला माझ्यातला हा आनंद दाखवू शकला नव्हता.

नियमांमधून म्हणणं मांडणं आपल्याला नवं नाही. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट हेच करतो: दुर्गुणांच्या घरात साप, सद्गुणांच्या घरात शिडी. फक्त तिथे सगळं दानावर असतं, खेळणाऱ्याला निवड नाही. पोपने निवड ठेवली आणि तिला किंमत लावली.

त्याचाच पुढचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८). साल १८०७. ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज रिकामं परत येतं. विम्याचा निरीक्षक म्हणून आपण चढतो. जहाजावरच्या साठ माणसांपैकी प्रत्येकजण कोण होता आणि त्याचं काय झालं, हे नोंदवायचं. यादीत भारतीय खलाशीही आहेत. मृत्यूच्या क्षणी गोठलेली दृश्यं तेवढी दिसतात, तीही जुन्या मॅकिन्टॉशसारख्या दोन रंगांत. मग माणसं ओळखायची ती झोपायच्या झोळीच्या क्रमांकावरून, बुटांवरून, गोंदणावरून, बोलण्याच्या ढबीवरून. तीन नोंदी बरोबर झाल्या की मगच गेम तसं सांगतो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून भागत नाही. इथे हातांना काम थोडं आणि डोक्याला फार, पण कसोटी तीच: बघणं हेच करणं. अॅलेक्स बीचमचा ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) हाच विचार अंतराळात नेतो. दर बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून. शस्त्र, ताकद, पैसा यांतलं काही साठत नाही. साठतं ते फक्त आपल्याला जे कळलंय ते. शेवटचं दार जवळजवळ पहिल्या मिनिटापासून उघडण्यासारखं असतं. ते कसं, एवढं ठाऊक नसतं.

आता थोरामोठ्यांच्या दिवाणखान्यात जाऊ. रॉकस्टार या बड्या कंपनीच्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये (२०१८) बारकाई इतकी की थंडीत घोड्याचे वृषण आकसतात. पण मोहीम सुरू झाली आणि ठरल्या वाटेवरून जरा बाजूला गेलात की ‘अपयशी’ अशी पाटी. एवढं मोठं रान उभं करायचं आणि आत शिरलेल्याला रुळावरून चालवायचं, हा काय प्रकार आहे? ‘अनचार्टेड’चा नायक हसतमुख, मिस्कील, आणि आपण त्याच्या हाताने शेकड्यांनी माणसं मारतो. गोष्ट एक सांगते आणि हात दुसरंच करतात, या विसंगतीला क्लिंट हॉकिंग या गेमकर्त्याने २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेमवर लिहिताना ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असं जडजंबाल नाव दिलं. ‘अनचार्टेड ४’च्या (२०१६) कर्त्यांनी हजार शत्रू मारल्यावर त्याच नावाचं पदक देऊन टाकलं. विनोद चांगला आहे. दुखणं मात्र तसंच राहिलं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ला (२०२०) सुमारे २२ कोटी डॉलर लागले, हे एका अमेरिकी खटल्यातल्या कागदांवरून उघड झालं. एवढा पैसा गुंतला की कुणी काही वेगळं करून बघायला धजत नाही, हे उघड आहे.

अवघडपणाबद्दल दोन शब्द. हिदेताका मियाझाकीचे ‘डार्क सोल्स’ (२०११) आणि ‘एल्डन रिंग’ (२०२२) कठीण म्हणून गाजले, आणि ‘जमत नसेल तर खेळू नका’ म्हणणारे त्यांचे भक्त मला असह्य होतात. मियाझाकीचं थोरपण वेगळं आहे: मेल्यावर चूक माझीच होती हे कळतं. ‘सेलेस्ट’ने (२०१८) वेग कमी करायची, दम न संपण्याची सोय दिली, तरी डोंगर चढल्याचं समाधान तिळभर उणावत नाही.

माझ्या कसोटीला अडचणीत आणणारा गेम एकच, ‘डिस्को एलिसियम’ (२०१९). एस्टोनियातल्या मंडळींनी केलेला, रॉबर्ट कुर्वित्झच्या नेतृत्वाखाली. यात हातांना काम जवळजवळ नाहीच. वाचायचं आणि उत्तर निवडायचं. दारूने स्मृती गेलेल्या पोलिसाच्या डोक्यात चोवीस गुण चोवीस आवाजांत बोलतात, भांडतात, खोटे सल्ले देतात. फासा उलटा पडला तर गोष्ट थांबत नाही, बऱ्याचदा अधिक रंगते. इतकं चांगलं गद्य गेममध्ये मी दुसरीकडे वाचलेलं नाही. फसलेल्या क्रांतीची ही गोष्ट लिहिणाऱ्या मुख्य कर्त्यांना पुढे स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं, आणि कंपनीच्या मालकीवरून भांडणं लागली.

धंद्याची बाजू एकूणच वाईट आहे. युबीसॉफ्टने ‘द क्रू’ हा २०१४चा गेम ३१ मार्च २०२४ला बंद केला, तेव्हा विकत घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असं आढळलं. ज्या कलेचा भूतकाळ दुकानात मिळत नाही, तिची समीक्षा आठवणींच्या भरवशावर चालते.

आपल्याकडे काय? वर्तमानपत्रांत गेम येतो तो व्यसन म्हणून किंवा बंदी म्हणून; २०२०ला पबजी, २०२५ला पैसे लावून खेळायचे खेळ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) आला, त्याचं कौतुक झालं. त्यातले महाल आणि भिंतीवरची चित्रं खरंच बघत राहावीत अशी. पण राजीचे हात करतात ते पाश्चात्त्य मारामारीच्या गेममधले नायक करतात तेच. टोरोंटोतल्या व्हिसाई गेम्सचा ‘वेन्बा’ (२०२३) त्यामानाने किती छोटा! कॅनडात गेलेली तमिळ आई, फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही, आणि पुसलेल्या ओळी अंदाजाने भरत इडली करणारे आपण. दीडेक तासाचा ऐवज, पण त्यात करणं आणि सांगणं एकच आहे.

सुरुवात करायची असेल तर ‘पेपर्स, प्लीज’ २०२२पासून फोनवरही मिळतो. ‘ओब्रा डिन’ दोघांनी शेजारी बसून, वही घेऊन खेळावा. ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ला प्लेस्टेशन लागतं, भाच्याकडे असेल तर आठवड्यासाठी मागून आणा, आणि तो “मावशी, थांब, मी करून दाखवतो” म्हणाला तर रिमोट त्याच्या हातात देऊ नका.